मिलवॉकीच्या फुटपाथवरून

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. बिअरच्या कारखान्यांचं आणि हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचं हे गाव. तिथल्या ओरिएंटल थिएटरमध्ये २३ ऑगस्ट १९८१ रोजी 'द प्रिटेंडर्स' या नावाजलेल्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. हे १९२७ सालचं थिएटर भारतीय धाटणीच्या सजावटीने नटलेलं आहे. आत बुद्धाच्या भल्यामोठ्या मूर्ती आहेत, हत्तींची नक्षी आहे. त्या दिवशी बाहेरच्या फुटपाथवर मात्र तीन पोरं आपापली वाद्यं घेऊन उभ्याउभ्या वाजवत होती. प्रिटेंडर्सचा गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट याने ती ऐकली, गायिका क्रिसी हाइंडने त्यांना आत बोलावलं, आणि त्याच रात्री मुख्य कार्यक्रमाआधी या तिघांनी भरलेल्या थिएटरात छोटासा कार्यक्रम केला.

या बँडचं नाव 'व्हायलंट फेम्स'. गायक-गिटारवादक गॉर्डन गॅनो तेव्हा १८ वर्षांचा होता, शाळा नुकतीच संपवलेला. बास वाजवणारा ब्रायन रिची विशीतला. तालाची बाजू सांभाळणारा व्हिक्टर डीलोरेंझो दोघांपेक्षा मोठा, शिवाय 'थिएटर एक्स' या स्थानिक नाट्यमंडळीतला नट. शहरातले क्लब त्यांना सहसा बोलवत नसत, म्हणून ते रस्त्यावर, कॉफीच्या दुकानांबाहेर वाजवत.

रस्त्यावर वीज नसते. या एका साध्या अडचणीतून त्यांचं संगीत घडलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ॲम्प्लिफायर नाही, तर बास ऐकू कसा जायचा? रिचीकडे अर्थवूड नावाचा अकूस्टिक बास होता. मेक्सिकोतल्या मारिआची वादकांकडे 'गिटार्रोन' हे ढेरपोटं वाद्य असतं, त्यावरून सुचलेला हा अवाढव्य बास. त्याचा आवाज पोकळ, लाकडी आणि चांगलाच मोठा. रिची तो नुसता मागे ठेका धरायला वाजवत नसे. एरवी इलेक्ट्रिक गिटारने घ्यायच्या ताना तो या बासवर घेई. डीलोरेंझोने पूर्ण ड्रमसेट फुटपाथवर मांडण्याचा नाद सोडला. एक स्नेअर ड्रम, आणि दुसऱ्या ड्रमवर पत्र्याची टोपली पालथी घालून केलेलं स्वतःचं एक वाद्य, त्याला त्याने 'ट्रान्साफोन' असं नाव दिलं. हे सगळं तो उभ्याने वाजवी, तेही तारांच्या ब्रशने. जॅझमधले वादक ब्रश वापरतात ते हलक्या, मऊ तालासाठी; याने त्याच ब्रशने पंकची घाई आणि चीड वाजवून दाखवली.

फोक पंक म्हणतात ते हेच. वाद्यं लोकसंगीताची, वेग आणि बेधडकपणा पंकचा. साधारण त्याच सुमारास, १९८२ साली, लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात 'द पोग्ज' हा बँड आयरिश गाण्यांच्या वाटेने तिथेच पोचत होता. मिलवॉकीच्या पोरांपाशी अशी परंपरा हाताशी नव्हती. गॅनोचे वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, त्यामुळे चर्चची भजनं आणि कंट्री संगीत त्याच्या कानावर लहानपणापासून होतं. त्यात मिसळली सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची घुसमट: एकटेपणा, वासना, बापाकडे गाडीसाठी केलेली विनवणी, चारचौघांत झालेला अपमान. बरीचशी गाणी त्याने शाळेतच लिहिली होती. त्याचा आवाज नाकातला, मधेच चिरकणारा. तो सुधारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही हे फार चांगलं झालं, कारण त्या वयाचं दुःख घोटीव आवाजात खोटं वाटलं असतं.

जुलै १९८२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच लेक जिनीव्हा गावी पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं. पैसे डीलोरेंझोच्या वडिलांनी दिले, १०,००० डॉलर उसने. मुलाच्या असल्या उद्योगावर त्या काळात एवढी रक्कम लावणाऱ्या बापाचं मोठं कौतुक वाटतं. इतर कंपन्यांनी नकार दिल्यावर लॉस एंजेलिसच्या स्लॅश रेकॉर्ड्सने तो अल्बम घेतला आणि १९८३ मध्ये बँडच्याच नावाने बाजारात आणला. मूळ तबकडीवर दहा गाणी.

खपाच्या राष्ट्रीय यादीत तो तेव्हा कुठेच दिसला नाही. कॉलेजांची रेडिओ केंद्रं तो वाजवत राहिली, मुलं एकमेकांना कॅसेटवर उतरवून देत राहिली. दरवर्षी शाळांमध्ये सोळा वर्षांची नवी पोरं येत होती आणि त्यांना ही गाणी आपलीच वाटत होती. असं करत करत १९९१ साली, प्रकाशनानंतर आठ वर्षांनी, या अल्बमला प्लॅटिनम मानांकन मिळालं, म्हणजे एकट्या अमेरिकेत १० लाख प्रती. 'बिलबोर्ड' या नियतकालिकाच्या पहिल्या दोनशे अल्बमच्या यादीत त्याचं नाव लागलं तेही त्यानंतरच.

मधल्या काळात, १९८४ मध्ये, दुसरा अल्बम 'हॅलोड ग्राउंड' आला. पहिल्याच गाण्यात एक बाप स्वतःच्या मुलीला विहिरीत ढकलतो, आणि पुढे येशूची भक्तिगीतं. ती भक्ती म्हणजे थट्टा आहे असं अनेक चाहत्यांना वाटलं. गॅनोची श्रद्धा मात्र खरी होती. रिची आणि डीलोरेंझो दोघेही नास्तिक. पहिल्या अल्बममध्ये असली गाणी नकोत असा त्यांचा आग्रह होता. पण दुसऱ्या वेळी ते तयार झाले, आणि वाजवलं ते मन लावून. पहिल्या यशाची नक्कल करून भागलं असतं, तिथे विशीतल्या गॅनोने हा धोका पत्करला. बँडच्या सुरुवातीच्या वर्षांतली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच म्हणायला हवी.

ज्यांनी हा बँड अजून ऐकलेला नाही, त्यांनी पहिल्या अल्बममधल्या 'ॲड इट अप'पासून सुरुवात करावी. आरंभी वाद्य नाही, फक्त गॅनोचा आवाज आहे. मग तिघे एकदम सुटतात. तिथून पुढे लक्ष बासवर ठेवावं.