निनावी टर्मिनलची उकल

स्वतः हिशेब न करणारे, दूरच्या संगणकाला तारेने जोडलेले यंत्र म्हणजे टर्मिनल. असे जुने, निनावी यंत्र सुरतच्या भंगारात हाती लागले, तर आधी मागची 25 पिनांची जोडणी पाहावी. दुसरी पिन संदेश पाठवते, तिसरी घेते. या दोन्ही तारेने जोडल्या की टंकलेले अक्षर पडद्यावर परतते. नाही परतले, तर बिघाड यंत्रातच शोधावा. पुढे संगणकाशी वेग जुळवायचा. एकीकडे सेकंदाला 9600 बिट आणि दुसरीकडे 1200 असेल, तर नुसती अगम्य चिन्हे उमटतात. बऱ्याच टर्मिनलांच्या ओळीत 80 अक्षरे मावतात, तो 1928च्या आयबीएम पंचकार्डाचा वारसा. सुरतेच्या जॅकार्ड मागांची भोकांची कार्डे त्याच घराण्यातली, वयाने मात्र थोरली. वीज बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जिवावर बेतणारा भार उरतो. माहितगाराशिवाय झाकण उघडू नये.