घोडेगांवचा लिलाव आणि संगणकांतील अडते

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, नेवासा तालुक्यांत घोडेगांव आहे. तेथील कांद्याचा लिलाव ज्यानें लक्षपूर्वक पाहिला असेल, त्यास संगणकाच्या एका नव्या विद्येचीं मूलतत्त्वें आधींच ठाऊक आहेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. अडत्या माल पुकारतो. व्यापारी आपली ऐपत व गुदामांतील जागा मनांत धरून बोली करतात. चढ्या बोलीस माल सुटतो. कोणी कोणाच्या मनांत डोकावत नाहीं, तरी व्यवहार पार पडतो.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असे घटक करतां येतात, कीं जे स्वतंत्रपणें निर्णय घेतात व परस्परांशीं सहकार्य करतात. त्यांस ‘एजंट’ असेंच नांव आहे. अशा घटकांनीं कामें लिलावानें वाटून घ्यावीं, ही पद्धति रीड स्मिथ ह्या संशोधकानें १९८० सालीं मांडली. पुकारा, बोली आणि निवड हे तिचे टप्पे होत.

शिकणारानें प्रथम चारच घटक लिहावे: एक अडत्या, तीन व्यापारी. समजा, अडत्यानें शंभर गोण्या पुकारल्या. पहिल्या व्यापाऱ्याची मर्यादा क्विंटलास १,४०० रुपये, दुसऱ्याची १,५५०, आणि तिसऱ्याचें गुदाम भरलेलें. प्रत्येकानें आपल्या मर्यादेची एकच बोली पाठवावी असा नियम केला, तर माल दुसऱ्यास सुटतो. येथवर सर्व सोपें आहे.

आतां तिसऱ्यास ‘नको’ असेंही बोलूं देऊं नये. अडत्या उत्तराची वाट पाहत कायमचा अडून बसतो! म्हणून पुकाऱ्यासच मुदत जोडावी: दहा सेकंदांत उत्तर न आल्यास तो नकार समजावा.

पुढें आणखी एक अडत्या घालावा. त्यानेंही त्याच वेळीं शंभर गोण्या पुकाराव्या. दुसऱ्या व्यापाऱ्यापाशीं जागा शंभरांचीच. पण तो दोहींकडे बोली करतो, दोन्ही जिंकतो, आणि एका शेतकऱ्याचा माल उघड्यावर राहतो. प्रत्येक घटकानें आपला नियम पाळला. उणीव राहिली ती परस्परांच्या करारांत. बोली करतांनाच जागा राखावी आणि बोली हरल्यास मोकळी करावी, म्हणजे दुसरा माल पहिल्या व्यापाऱ्याकडे १,४०० रुपयांनीं जातो. दर उतरतो, पण माल उचलला जातो.

खऱ्या खरेदीविक्रीचीं कामें अशा घटकांवर सोंपविण्यापूर्वीं एखाद्यास मुद्दाम मुका करून, एखाद्याचें गुदाम मुद्दाम भरून पाहावें. प्रयोगांतला कांदा सडत नाहीं; शेतकऱ्याचा सडतो.