कशेळ्याच्या रानातली शतावरी

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कशेळे येतं. इथल्या ठाकर, कातकरी वाड्यांना शतावरीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात तिचे कोवळे कोंब भाजीला येतात आणि मुळं औषधाला. रानातल्या औषधांची ही जाण टिकावी म्हणून कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं मोलाचं काम केलं आहे.

शतावरी ही काटेरी वेल. बुंध्याशी खणलं की पांढऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या मुळांचा झुबका हाती लागतो. मूळ सोललं की बोटांना बुळबुळीत लागतं. मधली चिवट शीर ओढून काढायची, मग वाळवून चूर्ण करायचं. पोटात आग पडते, आंबट ढेकर येतात, अशा वेळी वैद्य हे चूर्ण दुधातून देतात.

आता हे लागू कसं पडतं? जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. त्यापासून जठराला वाचवतो तो आतल्या अस्तरावरचा श्लेष्म्याचा थर. तो कमजोर पडला की अस्तराला जखम होते, तोच अल्सर. बनारस हिंदू विश्वविद्यालयातल्या संशोधकांनी ताज्या मुळांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात श्लेष्मा वाढला आणि अस्तरातल्या पेशी जास्त टिकल्या. म्हणजे शतावरीचा भर आम्ल मारण्यापेक्षा अस्तर राखण्यावर दिसतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याच प्रयोगात नुसत्या अ‍ॅस्पिरिननं आणि अल्कोहोलनं झालेल्या अल्सरपुढे तिचं काही चाललं नाही, हेही सांगायलाच हवं. गुडघे दुखतात म्हणून रोज गोळी घ्यायची आणि वर शतावरी घेतली की झालं, असं कुणी समजू नये.

दुसरी गोष्ट जंतूची. अल्सर झाला की आपण वर्षानुवर्षं तिखटाला आणि काळजीला बोल लावत आलो. 1982 साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. बऱ्याच अल्सरांच्या मुळाशी हाच जंतू असतो आणि त्यावर अँटिबायोटिकांचा कोर्स पुराच करावा लागतो.

म्हणून कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांना दोन विनंत्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर चूर्ण बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. आणि रानात शतावरी खणाल, तेव्हा सगळी मुळं काढू नका. गड्डा थोड्या मुळांसकट पुन्हा मातीत दाबा, म्हणजे पुढच्या पावसात तो फुटेल.