एकाच घरात वेगळी चूल

एकत्र कुटुंबात कुणी वेगळी चूल मांडली की पूर्वी गावभर चर्चा व्हायची. संगणकात मात्र ती मांडावीच लागते.

'होम असिस्टंट' हे घरातले दिवे, पंखे यांचा कारभार पाहणारे मुक्त सॉफ्टवेअर. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ साली ते पायथन भाषेत लिहायला घेतले. मी त्याकडे वळलो तो हौसेपोटी नव्हे. आई ऐंशीच्या पुढची, रात्री दोनदा उठते. बोळातला दिवा तिच्या चाहुलीनेच लागायला हवा होता. आधी आणलेला 'स्मार्ट' दिवा परक्या सर्व्हरला विचारून लागायचा. इंटरनेट गेले की मुका! शेजारच्या खोलीतला हुकूम सातासमुद्रापार जाऊन यावा, हे काही मला पटेना. होम असिस्टंट घरातल्या संगणकावर चालते आणि झिगबीचे सेन्सर जोडले तर इंटरनेटवाचून भागते.

पण आमच्याकडे लिनक्सचा संगणक एकच. मुलीचा अभ्यास त्यावर, घरचे हिशेबही त्यावर. लिनक्सची स्वतःची कित्येक कामे पायथनवर चालतात आणि होम असिस्टंटलाही ठरावीक आवृत्त्यांच्या ढीगभर लायब्रऱ्या लागतात. पिठाचा डबा एकच, एकीला जाडसर हवे, दुसरीला बारीक, भांडण ठरलेलेच. डेबियनने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून मूळ पायथनमध्ये परस्पर भर घालायला पिपला अटकावच केला.

यावरचा उपाय पायथन ३.३ बरोबर, म्हणजे २०१२ पासून मिळतो. नाव 'व्हेन्व'. एका आज्ञेने स्वतंत्र फोल्डर तयार होते, दुसरीने त्यात शिरायचे आणि मग पिपकरवी होम असिस्टंट तिथेच उतरवायचे. पहिल्यांदा सुरू होताना बराच वेळ जातो, तेवढ्यात चहा होतो. मग ब्राउझरमध्ये ८१२३ क्रमांकाच्या पोर्टवर आपले घर दिसू लागते. सेन्सर-दिव्यांची मांडणी निराळ्या फोल्डरात राहते. त्यामुळे काही बिघडले तर व्हेन्व खुशाल पुसून नवे करावे, मांडणी शाबूत असते.

मात्र ही चूल वेगळी झाली, मध्ये भिंत नाही आली. आतला प्रोग्रॅम बाहेरच्या फायली वाचू शकतो. म्हणून मी त्याला संगणकावर वेगळे खाते दिले. शिवाय वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू व्हावा, हे काम सिस्टिमडीकडे सोपवले.

२०२५ च्या मे महिन्यात प्रकल्पाने जाहीर केले, की या पद्धतीला अधिकृत पाठबळ डिसेंबरपर्यंतच. ती बंद पडलेली नाही, पण अडल्यास आपले आपण निस्तरायचे. होम असिस्टंट वरचेवर नवा पायथन मागते आणि व्हेन्व तो आणून देत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कंटेनर सुचवेन, नाहीतर त्यांची स्वतःची कार्यप्रणाली. तिला शक्यतो अख्खा छोटा संगणक द्यावा, आणि आमच्याकडे तो नव्हता.

बोळातला रिले मी भिंतीवरच्या बटणामागे बसवला आहे. संगणक रुसला तरी आईला दिवा हाताने लावता येतो.