मुक्त सॉफ्टवेअर : शाखा आणि शिदोरी



आजचा विषय यंत्राचा वाटला, तरी मुळात तो जबाबदारीचा आहे. ज्या प्रोग्रामची मूळ लिखावट कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. त्यात रोज कोणी ना कोणी भर घालीत असतो. मग लोकांच्या हाती द्यायचे काय आणि केव्हा?

पाठ्यपुस्तकाचा लेखक पुढची आवृत्ती लिहीत असतो, तेव्हा वर्गातली मुले जुनीच वाचीत असतात. त्यांना नवे प्रकरण नको असते. शुद्धिपत्र हवे असते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. मुख्य प्रवाहातून एक शाखा फोडतात. तिच्यात नवी सोय घालीत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात अस्थिर, चाचणीची आणि स्थिर अशा तीन पायऱ्या आहेत.

या शिस्तीचा उपयोग काय, ते २०२४ साली दिसले. 'एक्सझेड' या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी चोरदरवाजा घुसवला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला, आणि २९ मार्चला त्यांनी तो जाहीर केला. डेबियनच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर तो पोहोचला होता. स्थिर शाखेत नव्हता. शाखेने चोर पकडला नाही, हे खरे. पण त्याला ओसरीवर थांबवून ठेवले, आणि तेवढ्यात जागा माणूस भेटला.

आता शिदोरीकडे वळू. प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेले भाग वापरतो. ते बरोबरच बांधून दिले, तर वाटेत अडत नाही. लेखकाने जे तपासले तेच चालते. ही सोय मोठी आहे. पण शिळे झालेले अन्न कोणाकोणाच्या गाठोड्यात आहे, हे कळावे कसे? 'झेडलिब' हा असाच सर्वत्र वापरला जाणारा भाग. एकदा मोकळी केलेली स्मृतीची जागा पुन्हा मोकळी करण्याचा दोष त्यात निघाला, आणि मार्च २००२ मध्ये १.१.४ ही दुरुस्त आवृत्ती आली. सामाईक प्रत वापरणाऱ्यांचे काम एका बदलात झाले. ज्यांनी आपापल्या पोटात प्रती ठेवल्या होत्या, त्यांना त्या एकेक हुडकाव्या लागल्या. लिनक्सच्या गाभ्यातही तशी प्रत होती.

मग सारे सामाईक करून स्थिर शाखेत ठेवले की झाले काय? नाही. २००६ साली डेबियनने आपल्या 'ओपनएसएसएल'च्या प्रतीत एक बदल केला. मूळ प्रकल्पात तो नव्हता. त्याने गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या झाल्या, आणि मे २००८ पर्यंत ते उघडकीस आले नाही. लिनक्सच्या स्थिर शाखांचा नियम म्हणूनच मोलाचा वाटतो : दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात, मग शाखेत.

मुक्ततेने नक्कल करण्याचा हक्क दिला. पण नक्कल घेणाऱ्याने तिची देखभालही पत्करली पाहिजे. ज्याला ते झेपत नाही, त्याने सामाईक विहिरीचे पाणी प्यावे आणि ती विहीर उपसण्यास हातभार लावावा.