रिकामी गादी आणि कारभारी



‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेले इथे बरेच जण आहेत. त्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : डेनेथॉर खलनायक आहे का? मला तसं वाटत नाही.

टॉल्किनच्या या १९५४-५५ च्या कादंबरीत गोंडोरची गादी शतकानुशतकं रिकामी आहे. राज्य चालवतात कारभारी. डेनेथॉर त्यांतला सव्विसावा. तो सिंहासनावर बसत नाही. पायऱ्यांखालच्या काळ्या दगडी आसनावर बसतो. आपल्याला हे परकं नाही. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर सत्ता पुण्यात एकवटली, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच येत.

थोरला बोरोमिर लहानपणी विचारतो, कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतकं लागतात? बाप सांगतो, आपल्याकडे दहा हजार वर्षंही पुरणार नाहीत. मर्यादा त्याला पाठ आहे. तरी खरा वारस येतोय म्हटल्यावर त्याच्या हाताखाली राहण्यापेक्षा तो चिता जवळ करतो. युद्धाची निराशा होतीच, पण मानही आड आला.

धाकटा फारामिर त्याच घरातला. राज्याभिषेकाला तो कारभाऱ्याची पांढरी काठी अरागॉर्नपुढे धरतो. राजा ती त्यालाच परत देतो, वर जहागिरीही देतो.

मंडळं, वाचनालयं, देवस्थानं आपणही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो आहोत. ती ठेव आहे, मालकी नव्हे. नवी मुलं पुढे आली की आपली काठी आपणच त्यांच्यापुढे धरू या.

गणपती बाप्पा मोरया!