घरोघरची ख्रिस्तसभा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या अमरावती व अकोला भागांतील समूहप्रमुखांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव म्हटला म्हणजे मंडप, मिरवणूक व भोजन हीं ओघानेंच येतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रांतहि पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकण्याची आज्ञा आहे. मात्र त्याच आज्ञेंत, अडचणीपोटीं विकावी लागलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी व दास झालेल्यानें मोकळा होऊन आपल्या माणसांत जावें, असेंहि सांगितलें आहे. तो भाग मिरवणुकीच्या गडबडींत मागें पडतो. कर्ज आणि जमीन या दोन शब्दांचा अर्थ वऱ्हाडांत कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. म्हणून आज आम्ही मंडपाविषयीं न बोलतां, ज्या ओसरीवर तुम्ही दर आठवड्यास सतरंजी पसरून चार घरें गोळा करतां, त्या ओसरीविषयीं बोलणार आहों.

अमरावतीचा धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजीं नागपूरच्या धर्मप्रांतांतून निराळा झाला व संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेचे जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. आज त्यांत अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे पांच जिल्हे येतात. प्रदेश एवढा विस्तीर्ण, आणि ख्रिस्ती घरें मूठभर व पांगलेलीं. वसईकडे मंदिराची घंटा एका आळींतून दुसऱ्या आळींत ऐकूं जाते. आपल्याकडे ती गांवाच्या वेशीपर्यंतहि पुरत नाहीं. धर्मगुरु महिन्यांतून एकदां आले तरी पुष्कळ झालें, अशीं गांवें आहेत. मधल्या तीन आठवड्यांत त्या घरांत ख्रिस्तसभा असते कीं नसते, हा प्रश्न आमच्या सोयीचा नसून तुमच्या श्रद्धेच्या जगण्यामरण्याचा आहे.

कित्येकांस वाटतें कीं, हे लहान समूह म्हणजे कोणी परदेशीं काढलेली नवी टूम. तसें नाहीं. संत पौलाच्या पत्रांतून प्रिस्का व अक्विला यांच्या घरची मंडळी, फिलेमोनाच्या घरची मंडळी अशीं नांवें येतात. तेव्हां मंदिरें नव्हतीं, घरेंच होतीं. त्रोवस येथील माडीवर तर संत पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले आणि खिडकींत बसलेला एक तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. प्रेषितानें त्यास उठविलें. आपल्या समूहप्रमुखांच्या अंगीं ती शक्ति नसल्यामुळें त्यांनीं बोलणें आवरतें घ्यावें, हें बरें.

मराठी भाषेंतहि ही रीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्या सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाच्या आरंभींच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांस विचारतो कीं, जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हीं वाचावें काय? हा प्रश्न शिकणाऱ्याचा आहे व ग्रंथ त्या प्रश्नाच्या पोटीं जन्मला आहे. आणि आपल्या घराजवळचें पहावयाचें तर अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर. तेथें तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनीं त्या पाहिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलें. महानुभावांचा पंथ निराळा व आपली श्रद्धा निराळी. पण लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांत संत लूक आपल्या कामाची जी रीत सांगतात, ती वऱ्हाडी माणसास समजावून द्यावयाची तर आम्हांस रिद्धपुराहून चांगलें उदाहरण सांपडत नाहीं. एकमेकांस सांगत, ऐकत व पारखत आठवण जपली जाते.

अलीकडचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९७५ सालीं पोप सहावे पौल यांनीं अशा समूहांस मान्यता दिली, आणि त्याबरोबर तीं मंडळी धर्मगुरूंपासून तुटूं नयेत, राजकारणाच्या जाळ्यांत सांपडूं नयेत व आपणच काय ते खरे ख्रिस्ती असें मानूं नयेत, असे इशारेहि दिले. १९७६ सालीं पूर्व आफ्रिकेच्या महागुरुस्वामींनीं व १९९० सालीं बांडुंग येथें जमलेल्या आशियाच्या महागुरुस्वामींनीं हाच मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेंतील लुम्को संस्थेनें प्रचारांत आणलेल्या सात पायऱ्या तुम्हांस पाठ आहेत: प्रभूस बोलावणें, वाचन, वचनांशीं थांबणें, मौन, सांगणें, काय करावयाचें तें ठरविणें आणि प्रार्थना.

पाठ आहेत, हीच आमची चिंता होय. बहुतेक समूहांत पांचवी पायरी संपली कीं चहा येतो आणि सहावी पायरी चहांत बुडते. कांहीं ठिकाणीं प्रमुख स्वतःच पाऊण तास उपदेश करतो व बाकीचे घड्याळाकडे पाहतात. उपदेश ऐकण्यासाठीं मंदिर आहे. प्रमुखाचें काम विचारण्याचें. याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनास उभे राहिले म्हणजे सांगण्यापेक्षां विचारीत अधिक. समोरचा खेडूत उत्तर देई आणि त्या उत्तरांतूनच पुढचा प्रश्न निघे. शाळेची पायरीहि न चढलेला माणूस त्या कीर्तनांत विचार करूं लागे. हें कौशल्य आपण शेजाऱ्याकडून घेण्यांत कसला कमीपणा?

विचारावें काय, हें मात्र जपून ठरवावें. ‘या वचनाचा अर्थ काय?’ असें विचारलें कीं लोक शाळेंतल्यासारखे गप्प बसतात. ‘यांतला कोणता शब्द मनाला लागला?’ असें विचारावें. आणि लोक खरोखर काय मानतात तें बाहेर येऊं द्यावें. दिवसा श्रद्धेची घोषणा म्हणणाऱ्या घरांत रात्रीं लेंकरास ताप भरला कीं ‘कोणाची नजर लागली,’ ‘कोणी करणी केली’ असें मनांत येतें, लिंबू उतरून टाकलें जातें. अशा आईस समूहांत दटावूं नका. लेंकरूं दवाखान्यांत नेलें कां, हें आधीं विचारा. मग जन्मांध माणसाची गोष्ट वाचा, ज्यांत शिष्य ‘पाप कोणाचें?’ असें विचारतात व प्रभु त्या प्रश्नाचीच वाट बंद करतो.

आतां एक गोष्ट ऐका. घर व गांव सांगत नाहीं. अकोल्याकडच्या एका समूहांतील शेतकऱ्यानें, दोन वर्षें पऱ्हाटी हातची गेल्यावर, कर्जापायीं आपला जीव दिला. त्याच्या पत्नीनें मंदिरांत येणें सोडलें. कारण जवळच्याच नातेवाइकांनीं तिला सांगितलें होतें कीं, असा माणूस नरकांत जातो व त्याच्यासाठीं प्रार्थनाहि चालत नाहीं. कांहीं महिन्यांनीं शेजारच्या घरीं समूह भरला, तेव्हां ती येऊन उंबऱ्याशीं बसली. त्या दिवशींचें वाचन लूकच्या तेराव्या अध्यायांतलें होतें: शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय? प्रमुख एक अंगणवाडीसेविका. तिनें उतारा दुसऱ्यांदा वाचला आणि ती गप्प राहिली. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘त्या अठरा जणांच्या बायकांस गांवानें काय काय ऐकविलें असेल?’ बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं उंबऱ्याकडून प्रश्न आला, ‘मंग ताई, माह्या माणसाच्या नावानं मिस्सा देता येते काय?’

प्रमुखानें उत्तर रचलें नाहीं. ‘मला ठाऊक नाहीं, फादरांना विचारून उद्यां सांगतें,’ एवढेंच ती म्हणाली व दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे आली. आम्हीं तिला जें सांगितलें तें तुम्हांसहि सांगून ठेवतों, कारण वऱ्हाडांत हा प्रश्न फिरून येणारच. १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधि नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेंत नाकारण्याच्या कारणांत आत्मघाताचें नांव नाहीं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत, हें कृत्य गंभीर पाप असलें तरी मनाची घोर व्यथा, भय व क्लेश यांमुळें माणसाची जबाबदारी कमी होऊं शकते, त्याच्या तारणाविषयीं निराश होऊं नये, आणि ख्रिस्तसभा अशांसाठीं प्रार्थना करते, असें स्पष्ट शिकविलें आहे. मिस्सा झाली, सगळा समूह आला. पुढच्या बैठकींत सहावी पायरी चहांत बुडाली नाहीं. दोघे जण तिच्याबरोबर तहसील कचेरींत कागद घेऊन गेले, आणि वेचणीच्या दिवसांत पांच घरच्या बायांनीं मजुरी न घेतां एक दिवस तिच्या वावरांत कापूस वेंचला. कर्ज त्यानें फिटलें नाहीं. पण ती आतां उंबऱ्याशीं बसत नाहीं.

एका वयोवृद्ध धर्मग्रामस्थांनीं आम्हांस विचारलें, ‘फादर, जो तो पुस्तक उघडून अर्थ लावूं लागला तर आपलेहि पंथ पडणार नाहींत काय?’ भीति अगदींच खोटी नाहीं. अकोला-खामगांवकडे अलायन्स मिशनची मंडळी आहेत, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट आहेत; घरगुती प्रार्थनासभा त्यांच्याकडे कित्येक वर्षें चालत आल्या आणि आमच्यांतील कांहीं जण त्यांत जाऊन बसले, कारण आपल्याकडे तसें बसण्यास जागाच नव्हती. पुस्तक मिटवून ठेवणें हा त्यावर उपाय नव्हे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनें सर्व भाविकांस पवित्र शास्त्र वारंवार वाचण्यास आग्रहानें सांगितलें आहे. फुटीचें बीज वाचण्यांत नसतें, ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणण्याची लाज वाटण्यांत असतें. त्या अंगणवाडीच्या बाईला ती वाटली नाहीं.

आतां व्यवस्थेच्या चार गोष्टी. वेचणी व सोंगणी चालूं असतां बैठक रात्रीं नऊच्या आंत ठेवूं नये आणि तासाहून लांबवूं नये. चहा शेवटीं, आणि ज्यांस परवडत नाहीं त्यांच्या घरीं पाणी. एकानें फराळ केला कीं पुढचें घर बैठक घेण्यास कचरतें. मेळघाटांतील समूहांनीं वाचन मराठींत करून बोलणें कोरकूंत करावें. न सुटलेले प्रश्न वहींत लिहून महिनाअखेर आमच्याकडे पाठवावे. नांव लिहिण्याची गरज नाहीं. महोत्सवानंतरच्या पहिल्या बैठकीचें वाचन सर्व समूहांस एकच राहील: लूक, अध्याय तेरा, पहिलीं पांच वचनें. ज्यांच्याकडे शुभवर्तमानाची प्रत नसेल, त्यांनीं जेवणापूर्वीं कार्यालयांतून घेऊन जावी.